जागणाऱ्या पेशी, निजलेला विषाणू

एचआयव्ही शरीरात नेमके काय करतो, असे कोणालाही विचारले तर उत्तर एका वाक्यात मिळते: तो प्रतिकारशक्तीच्या पेशी मारतो आणि त्या फार कमी झाल्या की एड्स होतो. उत्तर चुकीचे नाही, पण हिशेब मांडायला बसले की ते पुरे पडत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातील सीडी-४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांना गाठतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, तपासल्या, तर कोणत्याही एका क्षणी त्यांपैकी अगदी थोड्या पेशींमध्ये विषाणू वाढताना सापडतो. नाहीशा होणाऱ्या पेशी मात्र त्याच्या कितीतरी पट असतात. मग उरलेल्या कशाने मरतात?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हा भाग आला की मी फळ्यावर नेहमीचे वर्तुळ काढते. विषाणू पेशीला चिकटतो, आत शिरतो, आपली प्रत तयार करतो, बाहेर पडतो, आणि शेवटचा बाण पुन्हा पहिल्या पायरीला येऊन मिळतो. चित्र सुबक दिसते, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. पण त्या वर्तुळात फक्त विषाणूचे चरित्र असते. आजार समजून घ्यायचा तर पेशी त्या वेळी काय करत होती, ती जागी होती की विसावलेली, हे विचारावे लागते; आणि माझ्या मते या विषाणूच्या अभ्यासातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

एचआयव्हीचा कण साधारण १०० ते १२० नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या पोटात जनुकीय माहिती वाहणाऱ्या आरएनए रेणूच्या दोन प्रती, प्रत्येकी सुमारे ९,७०० अक्षरांची, आणि त्या अक्षरांत अवघी नऊ जनुके. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात हे लक्षात घेतले, म्हणजे या विषाणूकडे स्वतःचे असे किती थोडे आहे आणि त्याला पेशीवर किती गोष्टींसाठी विसंबावे लागते, याचा अंदाज येतो.

कणाच्या पृष्ठभागावर जीपी-१२० नावाच्या प्रथिनाचे थोडेच, साधारण डझनभर, खुंट असतात. हे प्रथिन प्रथम पेशीवरच्या सीडी-४ या रेणूला धरते, त्यामुळे त्याचा आकार बदलतो, आणि मग ते शेजारच्या दुसऱ्या रेणूला, बहुतेक वेळा सीसीआर-५ ला, जाऊन भिडते. त्यानंतर आत दडलेले जीपी-४१ हे दुसरे प्रथिन पेशीच्या आवरणात घुसते आणि दोन्ही आवरणांना जवळ खेचून एकजीव करते. सीसीआर-५ चा हा सहभाग १९९६ मध्ये उघड झाला आणि त्याच वर्षी असेही दिसले, की काही लोकांमध्ये या रेणूच्या जनुकातली ३२ अक्षरे गळालेली असतात. आई आणि वडील या दोघांकडूनही हे तुटके जनुक मिळालेल्या व्यक्तीच्या पेशींवर सीसीआर-५ उगवतच नाही, आणि त्यांना या विषाणूचा संसर्ग क्वचितच होतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अशा व्यक्तींचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे.

पाठ्यपुस्तकात सीसीआर-५ ला ‘सहग्राहक’ म्हणून एका ओळीत उरकतात, पण त्याचे मूळचे काम विसरून चालत नाही. शरीरात कुठे दाह सुरू झाला की तिथून रासायनिक हाका निघतात, आणि त्या ऐकून पेशींना त्या दिशेने नेणाऱ्या रेणूंपैकी हा एक आहे. तो मुख्यतः अनुभवी, एकदा तरी कामाला लागलेल्या सीडी-४ पेशींवर आढळतो. म्हणजे हाकेला धावून जाण्याची तयारी ज्या पेशींची अधिक, त्याच पेशींत शिरणे विषाणूला अधिक सोपे.

आत शिरल्यावर जे पडते ते शंकूच्या आकाराचे कवच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत ते एका बाजूला निमुळते झालेले, काहीसे वाकडे दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की नमुना बिघडला असावा. प्रत्यक्षात ती रचना फार काटेकोर असते. एकाच प्रथिनाच्या साधारण १,५०० प्रती, त्यांच्या सुमारे २५० षटकोनी जुळण्या आणि नेमक्या बारा पंचकोनी जुळण्या. भूमितीचा नियमच असा आहे की षटकोनांची जाळी सगळीकडून बंद करायची तर बरोबर बारा पंचकोन लागतात. हे कवच पेशीद्रवात शिरताच विरघळते, असे आम्ही कितीतरी वर्षे शिकवत आलो. अलीकडच्या काही वर्षांत गोठवलेल्या पेशींची त्रिमितीय चित्रे मिळू लागली, तेव्हा दिसले की ते बहुतांशी अखंड राहून केंद्रकाच्या छिद्रातून आत जाते, आणि आतल्या आरएनएचे डीएनए बनण्याचे काम त्याच्या आडोशालाच चालते. पेशीकडे परका डीएनए ओळखणारे पहारेकरी रेणू असतात. त्यांच्या नजरेला विषाणूचा डीएनए पडू नये, हा या कवचाचा मोठा उपयोग.

आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर (एन्झाइम) म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले, प्राण्यांत कर्करोग निर्माण करणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करताना. १९७५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एचआयव्ही त्या वेळी कोणाला ठाऊकही नव्हता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक मॉन्टानिए यांच्या गटाने तो वेगळा केला, तेव्हा रुग्णाच्या लसिकाग्रंथीतल्या पेशींच्या संवर्धनात त्यांनी याच विकराची हालचाल शोधली होती. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असे जे विचारतात त्यांना मी हा तेरा वर्षांचा अवकाश दाखवते.

या विकराला आपण केलेली नक्कल पुन्हा तपासून पाहण्याची सोय नाही. त्यामुळे दर काही प्रतींमागे एखादे तरी अक्षर चुकते. शिवाय नक्कल करता करता ते आरएनएच्या एका प्रतीवरून दुसरीवर उड्या मारते, म्हणून दोन वेगवेगळ्या विषाणूंचे गुण एकाच संततीत मिसळू शकतात. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात आणि तो कण निरुपयोगी ठरतो, पण अशा ढिसाळ कारभाराची भरपाई संख्येने होते.

तयार झालेला डीएनए इंटिग्रेज हे दुसरे विकर पेशीच्या गुणसूत्रात चिकटवते, आणि तेही कुठेही नाही. पेशीतली एलईडीजीएफ नावाची, गुणसूत्रांना बिलगून राहणारी प्रथिने त्याला वाट दाखवतात, आणि विषाणू बहुतेक वेळा अशा जनुकांमध्ये जाऊन बसतो जी त्या वेळी वाचली जात असतात. एकदा तिथे बसल्यावर तो पेशीचाच भाग होतो. पेशी विभागली तर त्याचीही प्रत होते, आणि त्याला काढून टाकण्याची कोणतीही व्यवस्था शरीराकडे नाही.

विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यावर एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला बसायला जागा असते. हे प्रथिन माणसाचे आहे. सीडी-४ पेशीला जंतूची ओळख पटते, ती विश्रांतीतून उठते, तेव्हा एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जाते आणि प्रतिकाराला लागणारी जनुके सुरू करते. त्याच खेपेला ते विषाणूचे जनुकही सुरू करते. मग टॅट हे विषाणूचे प्रथिन तयार होते, ते वाचनाचा वेग अनेक पटींनी वाढवते, आणि पेशी ज्या कामासाठी उठली ते बाजूला राहून विषाणूचे भाग तयार करण्यात गुंतते. विसावलेल्या पेशीत याउलट सगळेच अडते. तिच्यात डीएनए बांधायला लागणारी कच्ची सामग्रीच अपुरी असते, कारण एसएएमएचडी-१ हे प्रथिन ती सतत मोडून टाकत असते. थोडक्यात, प्रतिकारशक्ती सावध झाली की विषाणूची सोय होते. विझवायला धावून येणाऱ्या माणसांवरच जी पोसली जाईल अशी आग कल्पनेत आणली, तर या आजाराचे स्वरूप थोडेफार कळते.

पुढचे वर्तुळ सरळ आहे. विषाणूची प्रथिने लांबलचक साखळीच्या रूपात बनतात, पेशीच्या आवरणाखाली जमतात, आणि पेशी स्वतःच्या कामांसाठी जी यंत्रणा वापरते तिच्याच मदतीने कण बाहेर सुटतो. सुटलेला कण अजून कच्चा असतो. प्रोटिएज हे तिसरे विकर साखळीचे ठरावीक जागी तुकडे करते, तेव्हा कुठे तो शंकू आकाराला येतो आणि कण संसर्गक्षम होतो. या एका कापण्याला अटकाव करणारी औषधे १९९५ च्या अखेरीस वापरात आली आणि पुढच्या वर्षभरात उपचारांचे चित्रच पालटले.

त्याच सुमारास आणखी एक समजूत मोडली. संसर्गानंतर काही आठवड्यांनी ताप, पुरळ, घसादुखी येऊन जाते, रक्तातला विषाणू शिगेला पोहोचून खाली उतरतो, आणि त्यानंतर उपचाराविना सरासरी आठ-दहा वर्षे रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. या काळात विषाणू झोपलेला असतो, असे मानले जात होते. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी नव्या औषधांनी विषाणूची वाढ एकाएकी थांबवली आणि रक्तातला विषाणू किती वेगाने उतरतो ते मोजले. रक्तातला कण काही तासच टिकतो आणि विषाणू निर्माण करणारी पेशी एक-दोन दिवसांत मरते, हे त्या आणि त्यापुढच्या मोजणीतून निघाले; म्हणजे रक्तातली पातळी स्थिर दिसत असताना शरीरात रोज सुमारे १,००० कोटी कण तयार होत होते आणि तितकेच नष्ट होत होते. रुग्णाला बरे वाटत होते ती वर्षे शांततेची नव्हतीच. रोज इतके कण आणि इतक्या चुका, म्हणजे एका अक्षराचा जो जो बदल संभवतो तो जवळपास रोज कुठे ना कुठे घडतोच. १९८७ मध्ये आलेले झिडोवूडिन हे औषध एकटे दिल्यावर काही महिन्यांत निष्प्रभ का होई, आणि तीन औषधे एकत्र दिल्यावर विषाणूला वाट का सापडत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

शरीर अर्थात गप्प बसत नाही. अपोबेक-३जी हे पेशीतले प्रथिन बनत्या डीएनएतली अक्षरे इतकी बिघडवते की तो वाचण्यालायक राहू नये. विषाणूचे व्हिफ त्याला पकडून पेशीच्या कचऱ्यात पाठवते. टेथरिन नावाचे प्रथिन सुटणाऱ्या कणांना पेशीलाच बांधून ठेवते. विषाणूचे व्हीपीयू त्याला पृष्ठभागावरून हटवते. आतल्या संसर्गाची खूण बाहेर मांडणारे रेणू विषाणूचे नेफ कमी करते, म्हणजे मारेकरी पेशींना ही पेशी ओळखू येऊ नये. नऊ जनुकांपैकी चार निव्वळ अशा कामांना वाहिलेली आहेत. प्रतिपिंडांचे दुखणे निराळे. जीपी-१२० वर साखरेच्या रेणूंचा इतका दाट थर असतो की प्रथिनाचे जवळपास निम्मे वजन त्या साखरेचेच भरते. आणि ती साखर आपल्याच पेशीने चढवलेली असल्यामुळे शरीराला परकी वाटत नाही. प्रतिपिंडे तयार होतात, पण तोवर विषाणूचे रूप बदललेले असते. प्रभावी लस अजून का नाही, या प्रश्नाचा बराचसा भाग इथे आहे.

आता पुन्हा त्या हिशेबाकडे. आपण सीडी-४ पेशी रक्तात मोजतो, कारण रक्त काढणे सोपे. परंतु सीडी-४ पेशी ज्या गटात मोडतात त्या लिम्फोसाइट पेशींपैकी शरीरातल्या एकूण संख्येच्या जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. त्यांचे मोठे वास्तव्य लसिकाग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात असते, आणि आतड्यातल्या सीडी-४ पेशींवर सीसीआर-५ भरपूर असतो, कारण त्या कायम अन्नाच्या आणि जंतूंच्या सान्निध्यात जाग्या असतात. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच या पेशींचा बहुतांश साठा संपतो. रक्तातला आकडा त्या वेळी थोडा हलून पुन्हा सावरलेला दिसतो, आणि डॉक्टर व रुग्ण दोघेही निर्धास्त होतात. एका आकड्यावर इतका विश्वास ठेवण्याची सवय मला नेहमीच खटकते, आणि इथे तर तो आकडा सगळ्यांत मोठ्या पडझडीबद्दल काही सांगतच नाही.

आतड्याचे अस्तर सांभाळणाऱ्या पेशी गेल्यावर ते अस्तर झिरपू लागते. २००६ मध्ये हे दाखवले गेले की जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे आतड्यातून सतत रक्तात उतरत राहतात, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांची प्रतिकारयंत्रणा जास्त चेतलेली असते. चेतलेली यंत्रणा म्हणजे जाग्या झालेल्या सीडी-४ पेशी, म्हणजेच विषाणूला आणखी वाव. या चक्रात मग न बाधलेल्या पेशीही झिजतात, कारण सदैव चेतलेली पेशी लवकर थकते आणि लवकर मरते. तिच्या जागी येणाऱ्या नव्या पेशींचे घर असलेल्या लसिकाग्रंथींत व्रणासारखे तंतू साचत जातात आणि तिथे पेशींना टिकून राहणे कठीण होते.

२०१४ मध्ये प्रयोगशाळेत माणसाच्या लसिका-ऊतींवर केलेल्या कामाने या चित्रात आणखी एक भाग जोडला, आणि तो मला सगळ्यांत अस्वस्थ करणारा वाटतो. तिथे मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक विसावलेल्या होत्या. विषाणू त्यांच्यात शिरला, पण सामग्रीअभावी डीएनए अर्धवटच राहिला. तो अर्धवट तुकडा पेशीच्या पहारेकऱ्यांनी ओळखला, आणि पेशीने स्वतःला संपवले. हे मरण निमूट नसते. पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो, आजूबाजूला दाह पेटतो, आणि त्या दाहाच्या हाकेवर नव्या सीडी-४ पेशी त्याच ठिकाणी येऊन दाखल होतात. ज्या पेशींत विषाणूला यश आले नाही त्याच सर्वाधिक मेल्या, आणि मेल्या त्या आपल्याच बचावाच्या नियमाने.

याची दुसरी बाजू आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी या माकडांत पाहायला मिळते. एचआयव्ही-२ त्यांच्याच विषाणूपासून माणसात आला. त्यांच्या रक्तात त्यांचा विषाणू भरपूर असतो, उपचार न घेतलेल्या माणसाइतका, पण त्यांना सहसा एड्स होत नाही. सुरुवातीच्या संसर्गानंतर त्यांची प्रतिकारयंत्रणा शांत होते, आतड्याचे अस्तर शाबूत राहते, आणि माकड आपले आयुष्य जगते. विषाणू तोच प्रकारचा, संख्या तीच, परिणाम मात्र वेगळा. फरक यजमानाच्या प्रतिसादात आहे. अर्थात यावरून प्रतिकारच करू नये असा निष्कर्ष काढणारा माणूस फार घाईत आहे, कारण ही तडजोड होण्यामागे दीर्घ उत्क्रांती आहे.

सीडी-४ पेशी स्वतः जंतू मारण्यापेक्षा इतरांकडून काम करवून घेतात: प्रतिपिंडे बनवणाऱ्यांना दिशा देतात, मारेकरी पेशींना टिकवतात, भक्षक पेशींना चेतवतात. म्हणून त्या गेल्यावर एक रोग येत नाही, रोगांची रांग लागते. निरोगी प्रौढात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. क्षयरोग कोणत्याही काउंटला, म्हणजे या पेशींच्या कोणत्याही आकड्याला, गाठू शकतो. २०० च्या खाली न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, १०० च्या खाली मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस, ५० च्या खाली दृष्टी घालवणारा सायटोमेगॅलोव्हायरस. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या साथरोगविषयक साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली, ती याच न्यूमोनियाची होती. यांपैकी बरेच जंतू आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात आधीपासून असतात आणि आयुष्यभर दबून राहतात.

आजच्या औषधांनी विषाणूची वाढ इतकी थांबते की रक्तात तो मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही इतका कमी असलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी निःसंशय दाखवले आहे. तरीही औषध थांबवले की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परततो. १९९७ मध्ये याचे कारण सापडले. काही सीडी-४ पेशी बाधित झाल्यानंतर मरण्याआधीच विश्रांतीत जातात आणि स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे जगतात. त्यांच्या गुणसूत्रातला विषाणू वाचला जात नाही, म्हणून तो औषधांनाही दिसत नाही आणि प्रतिकारशक्तीलाही नाही. अशा पेशी दहा लाखांत एखादीच, पण त्यांचा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. केवळ औषधांवर तो संपायचा तर ७० वर्षांहून अधिक काळ लागेल, असा हिशेब निघाला. जंतूची आठवण दशकानुदशके जपणे हा प्रतिकारयंत्रणेचा सर्वोत्तम गुण, आणि विषाणूने मुक्कामासाठी नेमका तोच निवडला. टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये सीसीआर-५ नसलेल्या दात्याच्या मूळ पेशी मिळाल्या आणि ते या विषाणूतून मुक्त झाले, पण तो जीवघेणा उपचार सर्वांना देण्याजोगा नाही.

काउंट उतरेपर्यंत औषधे लांबवावीत, मध्ये विश्रांती द्यावी, असा विचार एके काळी समंजसपणाचा मानला जाई. २००६ मध्ये ‘स्मार्ट’ या चाचणीने तो निकालात काढला: ज्यांनी काउंट पाहून औषध मध्येच थांबवले, त्यांच्यात संधिसाधू आजार तर वाढलेच, शिवाय हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे गंभीर विकारही वाढले. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ चाचणीत काउंट ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने काउंट न पाहता सर्वांना उपचार देण्याची शिफारस केली. उपचार चालू असतानाही थोडा दाह उरतोच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत नियमित औषध घेणाऱ्या ७,७६९ जणांपैकी काहींना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी आणि उरलेल्यांना निव्वळ दिखाऊ गोळी दिली; स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. या लोकांना हृदयविकाराचा धोका नेहमीच्या गणिताने कमी किंवा मध्यमच ठरत होता, आणि एरवी त्यांतल्या बहुतेकांना ही गोळी कोणी लिहूनही दिली नसती.